बोल्टवरचा दुसरा नंबर

बोल्टच्या मुठीच्या मुळाशी ४७१२ असा नंबर ठोकलेला होता आणि त्यावरून एक आडवी रेघ मारलेली होती. शेजारीच विजेच्या पेन्सिलीने, थरथरत्या हाताने लिहावा तसा, ८०९६ हा दुसरा नंबर कोरलेला होता. रिसिव्हरवरही, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य भागावरही, ८०९६च होता, पण तो पंचाने ठोकलेला, ठसठशीत, आणि त्याच्यामागे वळणदार लिपीतलं एक लहान अक्षर. १९४२ साली ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून बाहेर पडलेली ती रायफल मी ओहायोत, माझ्या भाच्याच्या शेजाऱ्यांच्या तळघरात, दिव्याखाली धरून पाहत होतो. शेजारी वयाने माझ्याएवढेच. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, पहिला नंबर जर्मन कामगाराने ठोकलाय, दुसरा रशियन डेपोतल्या माणसाने कोरलाय.

मी छत्तीस वर्षं पिंपरीच्या एका टूलरूममध्ये काढली. पार्टवर नंबर पंच मारणं हे आमचं रोजचं काम. पंच सरळ धरला नाही तर आकड्याची एक बाजू खोल जाते आणि दुसरी उथळ राहते, हातोडा दोनदा पडला तर आकड्याची सावली उमटते. एवढं सगळं ठाऊक असूनही नंबराकडे मी कधी माणसाची खूण म्हणून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पुढची नऊ वर्षं जे वाचलं, विचारलं आणि शक्य झालं तेव्हा प्रत्यक्ष हाताळलं, त्यातून हे पुस्तक झालं आहे. विषय अगदी अरुंद आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या रायफलीवरचा कुठला भाग मूळचा, कुठला नंतर आलेला, आणि हे ओळखायचं कसं. अरुंद विषयांची भीती वाटू नये म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

ज्या रायफलीबद्दल मुख्यतः बोलायचं आहे तिचं नाव काराबिनर ९८ कुर्झ. कुर्झ म्हणजे आखूड. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या गेवेर ९८ या लांब रायफलीची ही नात म्हणावी. आजीची नळी ७४० मिलिमीटरची, नातीची ६००. यंत्रणा मात्र तीच, पाउल माउझर यांची: बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. पाच काडतुसं, ७.९२ मिलिमीटरचा बोअर, वजन चार किलोच्या आसपास. १९३५ साली ती वेअरमाख्टची, म्हणजे जर्मन सैन्याची, मुख्य रायफल ठरली आणि १९४५पर्यंत बनत राहिली. एकूण आकडा १ कोटी ४० लाखांच्या वर सांगितला जातो. संग्राहकांच्या बाजारात ती आज इतकी दिसते याचं कारण तिचं दुर्मिळपण मुळीच नव्हे. ती सगळीकडे होती. पण जशी कारखान्यातून निघाली तशीच आजवर राहिलेली रायफल फार थोड्या लोकांना पाहायला मिळते, आणि दर्दी लोकांचं सारं भांडण त्या ‘तशीच’ या शब्दावर आहे.

एकाच रायफलीवर इतक्या ठिकाणी नंबर का ठोकायचे, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. उत्तर आपल्या फडताळात आहे. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. लग्नकार्यात दहा घरची भांडी एका मांडवात येत, आणि ती परत आपापल्या घरी जावीत म्हणून हे नाव. रायफलींचंही तसंच. बराकीत शंभर रायफली एका वेळी खोलून साफ करायच्या, बोल्ट तेलात बुडवून बाजूला ठेवायचे, तर कुठला कुणाचा हे कळायला हवं. त्यातही बोल्ट आणि नळी यांची जोडी कारखान्यात तपासून जुळवलेली असे. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांत किती मोकळी जागा राहते यावर गोळी सुखरूप उडणं अवलंबून असतं. कॉलेजात एनसीसीत ज्यांनी थ्री-नॉट-थ्री चालवली त्यांना हवालदाराची आरोळी आठवत असेल: ज्याचा बोल्ट त्याच्याच रायफलीत! त्या ली-एनफिल्डच्या बोल्टवरही नंबर असतो, तो याच कारणासाठी.

पण माउझरवाले बोल्टवर थांबले नाहीत. युद्धाच्या आधीच्या आणि सुरुवातीच्या रायफलींवर नंबर वीसेक जागी सापडतो. रिसिव्हर, नळी आणि बोल्टवर पूर्ण नंबर. बोल्टच्या मागच्या बाहीवर, खटक्यावर, एक्स्ट्रॅक्टरवर, फायरिंग पिनवर, घोड्याच्या कमानीवर, मॅगझिनच्या तळपट्टीवर, मागच्या नेमाच्या पानावर आणि त्यावर सरकणाऱ्या पट्टीवर, नळी दस्त्याला बांधणाऱ्या दोन्ही कड्यांवर, दस्त्याच्या बुडाला असलेल्या लोखंडी पत्र्यावर, कधी पूर्ण तर कधी शेवटचे दोन आकडे. लाकडाच्या पोटातही, जिथे नळी बसते त्या खाचेत, नंबर ठोकलेला असतो. तो पाहायचा तर रायफल पूर्ण खोलावी लागते. म्हणूनच तो नंबर मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो: फसवणाऱ्याला तिथवर जायचा बहुधा कंटाळा येतो.

नंबर वाचायची रीत पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे एवढंच सांगतो की नुसता नंबर कुणाचीच ओळख पटवत नाही. प्रत्येक कारखाना दर वर्षी पुन्हा एकपासून मोजायला लागे. पहिले दहा हजार बिनअक्षराचे, मग एक लहान अक्षर जोडून पुन्हा दहा हजार, मग पुढचं अक्षर. म्हणजे ८०९६ नंबरच्या रायफली एकाच कारखान्यातून एकाच वर्षी डझनभर निघू शकत. कारखाना, वर्ष, नंबर आणि अक्षर ही चारही एकत्र आली तरच रायफल एक ठरते. कारखाना आणि वर्ष रिसिव्हरच्या माथ्यावर असतं, पण सरळ नावाने नव्हे, संकेताने. ‘एस/४२’ म्हणजे माउझर, ओबर्नडॉर्फ. त्यापुढे ‘के’ असेल तर १९३४, ‘जी’ असेल तर १९३५. पुढे साल उघडपणे येऊ लागलं, ‘एस/’ गळून नुसतं ‘४२’ उरलं, आणि १९४१पासून त्याच कारखान्याचं ‘बीवायएफ’ झालं. अखेरच्या काळात ‘एसव्हीडब्ल्यू’. ‘सीई’ म्हणजे सुलचा सॉअर, ‘बीएनझेड’ म्हणजे ऑस्ट्रियातला स्टायर, ‘डीओटी’ म्हणजे ताब्यात घेतलेला चेकोस्लोव्हाकियातला ब्रनो. ही यादी पाठ करायची गरज नाही, ती परिशिष्टात दिली आहे.

पण त्यातल्या एका नावाशी थांबावंसं वाटतं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाचं सैन्य ठेवू दिलं आणि शस्त्रं बनवायची परवानगी मोजक्या कारखान्यांपुरती ठेवली. त्यांत सुल गावचा सिमसन हा कारखाना होता. तो एका ज्यू कुटुंबाचा. नाझी सत्तेवर आल्यावर काही वर्षांतच तो त्या कुटुंबाकडून हिसकावून घेतला गेला. मग रायफलींवर ‘बीएसडब्ल्यू’ ही अक्षरं आली, बर्लिन-सुल अशा नव्या नावाची, आणि त्यानंतर कारखाना गुस्टलॉफच्या नावाने ओळखला जाऊ लागला. विल्हेल्म गुस्टलॉफ हा स्वित्झर्लंडमधला नाझी पुढारी, १९३६ साली मारला गेलेला. एका कुटुंबाची पिढीजात मिळकत जाऊन तिच्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव लागलं, आणि हा सगळा प्रवास रिसिव्हरवरच्या तीन अक्षरांत वाचता येतो. संग्राहक ‘बीएसडब्ल्यू’ रायफलीला जास्त पैसे मोजतात, कारण ती कमी बनली. ती का कमी बनली हेही त्यांनी विचारावं असं मला वाटतं.

आता लाकूड. टूलरूमचा माणूस असल्यामुळे मला आधी लाकडाकडे बघायचं सुचत नसे, आणि ती माझी मोठी उणीव होती. युद्धाआधीचे दस्ते अक्रोडाच्या एकाच तुकड्याचे. अक्रोड कापल्यावर काही वर्षं वाळवत ठेवावा लागतो, आणि लाखोंनी रायफली हव्या असताना तितकी वर्षं कुणाकडे नव्हती. म्हणून १९३०च्या दशकाच्या अखेरीस बीच लाकडाचे पातळ पापुद्रे डिंकरसायनाने एकमेकांवर चिकटवून दाबलेले दस्ते आले. हे जड असतात, पण ओल्यात-उन्हात वाकत नाहीत. दस्त्याच्या कडेला नजर टाकली की थरांच्या रेघा समांतर धावताना दिसतात, वहीची पानं बाजूने पाहावीत तशा. नव्याने हा छंद लागलेले लोक या दस्त्याला प्लायवूड म्हणून नाक मुरडतात. त्यांनी तसं करू नये. १९४० नंतरच्या बहुतेक रायफलींना हाच दस्ता मूळचा आहे, आणि १९४४च्या रायफलीवर देखणा अक्रोड दिसला तर उलट तिथेच जरा थांबून बघावं.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पाठीमागे गरुडाचा शिक्का असतो. खाली ‘एच’ असेल तर भूदल, ‘एल’ असेल तर वायुदल. शिक्का लाकडात दाबून उठवलेला असल्यामुळे त्याच्या कडा किंचित वर आलेल्या असतात. बोट फिरवलं तर जाणवतात. कुणी सँडपेपर मारून दस्ता ‘चकाचक’ केला असेल तर शिक्का उरतो, कडा जातात. डोळ्यांआधी बोटाला कळतं. शिक्का धुरकट आणि कडा गुळगुळीत असल्या की समजावं, लाकडाचा वरचा थर गेला, आणि त्याबरोबर हाताळणीचे डाग, तेलाचे पट्टे, कुणा शिपायाने नखाने पाडलेल्या खुणाही गेल्या. हे नुकसान भरून निघत नाही.

जर्मनी हरत गेली तसतसा तिच्या रायफलीचा साज उतरत गेला, आणि हे उतरणं तारखेवार दाखवता येतं. आधी बुडाचा सपाट पत्रा जाऊन कडा वळवलेला, वाटीसारखा पत्रा आला. मग मिलिंग करून कोरलेल्या कड्यांऐवजी पत्र्याच्या प्रेस केलेल्या कड्या. घोड्याची कमान आणि तळपट्टीही पत्र्याची. काही कारखान्यांत निळ्या-काळ्या ब्लूइंगऐवजी राखी फॉस्फेटचा लेप. १९४४च्या अखेरीस संगीन अडकवायची खुंटीही काढून टाकली, साफसफाईची सळई गेली, बोल्ट खोलण्यासाठी दस्त्यात बसवलेली लोखंडी चकती गेली आणि तिच्याऐवजी बुडाच्या पत्र्याला नुसतं भोक आलं. संग्राहक या अखेरच्या रूपाला क्रीग्समोडेल म्हणतात, युद्धकालीन नमुना. छोट्या भागांवर नंबर ठोकणंही टप्प्याटप्प्याने बंद झालं. त्यामुळे १९४५च्या रायफलीच्या बारीकसारीक भागांवर नंबर नाही म्हणून ती खोटी, असं म्हणता येत नाही. तिच्यावर सगळीकडे छान जुळणारे नंबर दिसले तर मात्र मी भिंग काढतो.

याच्याच जोडीला एक गैरसमज दूर करतो. वेगळ्या कारखान्याचं अक्षर असलेला भाग म्हणजे बदललेला भाग नव्हे. युद्ध वाढलं तशी कामं वाटली गेली. नळी एकाकडून, कड्या दुसऱ्याकडून, दस्ता तिसऱ्याकडून, आणि जुळणी चौथ्याकडे. त्या प्रत्येकाचा संकेत आणि तपासनिसाचा गरुड त्या त्या भागावर असतो. भाग मूळचा की नंतरचा, हे ठरतं नंबराने आणि काळाने. १९३८च्या रिसिव्हरवर १९४३चा पत्र्याचा भाग असेल तर प्रश्न विचारावा. आणि विचारल्यावर कधी उत्तर अगदी सरळ निघतं: सैन्याच्या स्वतःच्या आयुधागारांत रायफली दुरुस्त होत, पहिल्या महायुद्धातल्या गेवेर ९८सुद्धा कापून आखूड केल्या जात. जुना नंबर खोडून नवा ठोकणं हे युद्धात जर्मनांनी स्वतःच केलेलं आहे. ती रायफल न जुळणारी असूनही तिच्यात खोटं काही नाही.

काम वाटलं गेलं म्हणताना ते कुणाच्या हातांवर वाटलं गेलं हे सांगितलं नाही तर पुस्तक अप्रामाणिक होईल. स्टायर कंपनीच्या रायफलीचे भाग गुसेन या छळछावणीत बनत होते, माउटहाउझेनच्या शेजारी. गुस्टलॉफचा एक कारखाना बुखेनवाल्ड छावणीला लागून होता आणि तिथे कैदी राबत. २४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्यावर बाँब टाकले तेव्हा शेकडो कैदीही मारले गेले. पोलंडमधल्या रादोमचा कारखाना स्टायरच्या ताब्यात होता, तिथून रायफलीचे भागही जात आणि पिस्तुलंही बनत. तिथले कामगार पिस्तुलांचे भाग लपवून पोलिश भूमिगतांकडे पोचवत. १९४२च्या ऑक्टोबरात ते उघडकीस आलं आणि माणसांना चारचौघांत फाशी दिलं गेलं. ‘बीएनझेड’ लिहिलेल्या रायफलीवरचा आकडा थोडा तिरका पडला असेल तर मी आता ‘कामात कुचराई’ असं म्हणत नाही. टूलरूममध्ये आम्ही ते म्हणत असू.

युद्ध संपलं, पण रायफलींची ही वाटचाल संपली नाही. न जुळणाऱ्या भागांची खरी मोठी कहाणी इथून पुढे सुरू होते, आणि पुस्तकाचा निम्मा भाग तिला दिला आहे.

सोव्हिएत सैन्याने लाखो रायफली पकडल्या. त्यांच्या डेपोत त्या पूर्ण खोलल्या गेल्या. भाग वेगवेगळ्या पेट्यांत, सगळ्यांना एकत्र ब्लूइंग, मग हाताला येईल तो भाग उचलून पुन्हा जुळणी. दस्त्यांवर लाखेचं लालसर चकाकतं पॉलिश, गरुडाच्या पायाशी असलेलं स्वस्तिक बऱ्याचदा ठोकून चेपलेलं, रिसिव्हरवर ‘एक्स’ अशी फुली, आणि बोल्टवर विजेच्या पेन्सिलीने रायफलीचा नंबर. माझ्या हाती आली ती असलीच होती. पुन्हा लढाई झाली तर वापरायच्या म्हणून त्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवल्या गेल्या आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर पश्चिमेच्या बाजारात आल्या. युगोस्लाव्हियात त्यांना आणखी वेगळा जन्म मिळाला. तिथे जुने जर्मन संकेत घासून काढले, सिरिलिक लिपीत ‘प्रेदुझेचे ४४’ असा नवा ठसा मारला, एम ९८/४८ असं नाव दिलं, आणि सगळ्या भागांवर नव्याने एकच नंबर ठोकला. ही रायफल जुळते, पण १९४५च्या आधीची म्हणून जुळत नाही. नॉर्वेत शरण आलेल्या जर्मनांच्या रायफली तिथल्या सैन्याने ठेवून घेतल्या, त्यांवर भूदल, तटरक्षक तोफखाना आणि वायुदलाचे आपले शिक्के ठोकले, आणि पुढे पुष्कळांच्या नळ्या बदलून त्या अमेरिकी काडतुसाच्या केल्या.

इस्रायलचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४८ साली, राष्ट्र जन्माला येत होतं तेव्हा, चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रं विकत घेतली गेली आणि त्यांत याच रायफली होत्या. पुढे त्यांच्या नळ्या ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी बदलल्या, दस्त्यावर ७.६२ हा आकडा टाकला. त्यांतल्या काही रायफलींच्या रिसिव्हरवर आजही नाझी तपासनिसाचा गरुड आणि डेव्हिडचा तारा एकाच लोखंडावर दोन बोटांच्या अंतराने दिसतात. अशी रायफल कुणी ‘नळी बदललेली, म्हणून कमी किमतीची’ असं म्हणून बाजूला ठेवली तर मला त्या माणसाची कीव येते. तिची नळी का बदलली गेली, यातच तिची किंमत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहायची खरी निकड वाटली तिच्याकडे येतो. बाजारात सगळे नंबर जुळणाऱ्या रायफलीला न जुळणाऱ्या रायफलीपेक्षा किती तरी जास्त किंमत मिळते. जिथे अशी दरी असते तिथे ती बुजवणारे हातही येतात. जुना नंबर कानसून काढायचा, नवा ठोकायचा, वर ब्लूइंगचा हात मारायचा. दुर्बिणीच्या रायफलींच्या बाबतीत तर हे इतकं चालतं की दुर्बीण बसवलेली कुठलीही रायफल पुराव्याशिवाय मी खरी धरत नाही. नाझींच्या एसएस दलाच्या खुणा असलेल्या रायफलींचंही तेच.

माझ्या ओळखीच्या एका मराठी गृहस्थांनी, तेही अमेरिकेत, सगळे नंबर जुळणारी म्हणून १९४३ची एक रायफल घेतली. घेण्याआधी मला छायाचित्रं पाठवली होती आणि मी ‘ठीक दिसते’ म्हणालो होतो. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष पाहिली. खिडकीशी नेऊन प्रकाश तिरका पडेल अशी धरली. मागच्या कडीवर शेवटचे दोन आकडे ठोकलेले होते, आणि त्यांच्याभोवतीचा पृष्ठभाग हलकासा खोल होता, पाण्याने भरलेल्या ताटलीसारखा. कानसेने तिथलं धातूचं पापुद्र्याएवढं जाडपण खाल्लेलं होतं. ब्लूइंगखाली बारीक, एका दिशेने गेलेल्या रेघा. आणि ‘४’ हा आकडा वरून उघडा होता. रिसिव्हरवर, नळीवर, बोल्टवर ‘४’ बंद होता, त्रिकोणासारखा. एका कारखान्यात एका बाकावर ठोकलेल्या नंबरांत असं सहसा होत नाही. पुढे पाहत गेलो तसे असे पाच भाग निघाले. विकणाऱ्याने हात वर केले. छायाचित्रांवरून मत दिल्याचा सल मला अजून आहे, आणि म्हणून पुस्तकात सर्वांत लांब प्रकरण आकड्यांच्या वळणांचं आहे: कुठल्या कारखान्याचा ‘४’ कसा, ‘७’ला पाय कसा, ‘१’ला फडकं आहे की नाही. तसंच आकडा ब्लूइंगच्या आधी ठोकलेला की नंतर, हे कसं बघायचं तेही. आधी ठोकलेला असेल तर आकड्याच्या तळापर्यंत रंग पोचलेला असतो. नंतर ठोकलेला असेल तर कडांवर धातू उघडा पडतो किंवा नव्या रंगाची वेगळी छटा दिसते.

न जुळणारे भाग म्हणजे दोष नव्हे, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे. दोष आहे तो न जुळणं लपवण्यात. आमच्या घरी फडताळात पितळेचा एक डबा आहे, त्यावर आजीचं नाव नाही. कुठल्याशा लग्नात अदलाबदल झाली, आमचा डबा तिकडे गेला, तिकडचा इकडे राहिला. आजीने तो पन्नास वर्षं वापरला, पण त्यावरचं परकं नाव घासून आपलं घातलं नाही. कल्हई करायला येणाऱ्याने विचारलं तरी नाही. रशियन डेपोतल्या माणसानेही जुना नंबर कानसला नाही, त्यावर फक्त एक रेघ मारली. त्या रेघेमुळेच मला दोन्ही नंबर वाचता आले.

हे सगळं मराठीत कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. इंग्रजीत या विषयावर मोठं काम झालेलं आहे. रिचर्ड लॉ यांचा १९९१ सालचा ग्रंथ आणि ब्रूस कॅरम व मायकेल स्टीव्ह्ज यांचे जाडजूड खंड यांच्याशिवाय मला एक पाऊलही पुढे टाकता आलं नसतं. पण या रायफलीच्या समोर मराठी माणसं उभी राहिलेली आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदी ओलांडून आणलं, मग ठाण्यांवर हल्ला केला, आणि तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांच्या समोरच्या जर्मन पायदळाच्या हातातली नेहमीची रायफल हीच. दुसऱ्या बाजूलाही भारतीय होते. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने जर्मनीत भारतीय लीजन उभी राहिली, आणि त्या जवानांनी हीच रायफल खांद्यावर घेतली. एवढं नातं असलेल्या वस्तूवर मराठीत एक पुस्तक असायला हरकत नसावी.

थोडं व्यवहाराचं. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९चा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच बंदुका ठेवता येतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रायफल बहुधा काचेपलीकडेच भेटेल, आणि काचेपलीकडून काय काय वाचता येतं यावर वेगळं प्रकरण दिलं आहे. परदेशातल्या मराठी मंडळींनी आपापल्या देशाचा कायदा आधी बघावा. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आहे. आणि ज्यांच्याकडे अशी रायफल आहे त्यांनी, विशेषतः बोल्टचा नंबर जुळत नसेल तर, जाणत्या बंदूक-कारागिराकडून गेजने तपासून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.

पुस्तकात चुका राहिल्या असतील. एखाद्या कारखान्याच्या ‘४’बद्दल मी लिहिलेलं तुमच्या समोरच्या रायफलीशी जुळलं नाही तर मला कळवा, आकड्याच्या जवळून काढलेल्या छायाचित्रासह. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन. आणि रायफल हाती आली तर स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक भागावरचा नंबर, अक्षर, गरुड, फुली, खोडलेली रेघ, जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून काढा. जुळवू नका, घासू नका, चकचकीत करू नका. तो कागद रायफलीबरोबरच ठेवा, तुमच्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याला तो लागणार आहे.